सोनचाफ्याचं पाणी

आमचे हे आजारी पडून लोणी देवकरची नोकरी सोडून आले, तेव्हा टेम्पोत त्यांच्यासोबत काय आलं सांगू? एक लोखंडी कॉट, रॉकेलचा स्टोव्ह, पत्र्याची पेटी आणि बारदानात मुळं बांधलेलं, माझ्याहून हातभर उंच असं सोनचाफ्याचं झाड. कॉट बाहेरच्या खोलीत गेली, पेटी माळ्यावर गेली. झाडाकडं बघून मी म्हटलं, "लोकं घरी येताना खाऊ आणत्यात, तुमी झाड उपटून आणलं."

ते नुसते हसले. बोलायला दम पुरत नव्हता तेव्हा त्यांना.

मुलगी पहिलीत होती, म्हणजे चौऱ्याण्णव-पंच्याण्णवचा सुमार. चार वर्षं ते तिकडं एका कारखान्यात फिटर होते. सोमवारी पहाटे घरून, बारामतीजवळच्या जळोचीहून निघायचे, शनिवारी परत यायचे, मधले दिवस भाड्याच्या खोलीत. त्या खोलीच्या दाराशी त्यांनी हा चाफा लावला होता. कामावरून आलं की डबा उघडायच्या आधी त्याला बघायचे, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. खोली सोडायची वेळ आली तेव्हा मालकाला विचारून स्वतः पहारीनं खणून काढला. निम्मी मुळं तिथंच तुटून राहिली असणार. हे मला आता कळतं. तेव्हा आम्हाला ऊस सोडून कशातलं काय कळत होतं?

घरामागं, मोरीच्या पलीकडं त्यांनी खड्डा घेतला. आमची जमीन काळी, पाटाच्या पाण्याची. कंबरेएवढा खोल खड्डा खणायला त्यांना चार दिवस लागले. दोन घाव घालायचे आणि बसायचे. पायावर एवढी सूज की बोट दाबलं तर खळी तशीच राहायची. मी पहार हातातून घ्यायला गेले की चिडायचे. झाड उभं राहिलं, माती दाबली, भोवती चांगलं परातीएवढं आळं केलं, आणि मला म्हणाले, "हेला पाणी कमी पडू देऊ नको. उपटलेलं झाड हाय."

एवढंच म्हणाले. पण माणूस गेल्यावर त्याचं शेवटचं सांगणं आपण कसं धरून ठेवतो ते ज्याचं जातं त्यालाच माहीत.

त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. पुण्याला दोनदा नेऊन आणलं. नंतर बारामतीच्याच दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं होतं की शरीरातलं पाणी बाहेर पडत नाही, छातीत भरतं, म्हणून दिवसभरात मोजूनच पाणी द्यायचं. मी दहावी शिकलेली, घरात शिकलेली मी एकटी, म्हणून माप माझ्या हातात. स्टीलचा एक पेला होता. सकाळी तो भरायचा आणि दिवसभर त्यातलाच घोट घोट. गोळी त्यातच, चूळ त्यातच. चैत्राचं ऊन, दवाखान्याची पत्र्याची खोली तापलेली, आणि ते माणूस पाणी मागतंय. आधी हक्कानं मागायचे. मग चिडून. शेवटी शेवटी तर परक्याकडं मागावं तसं मागायला लागले, "बघा की, थोडं मिळतंय का." मी मान फिरवून बसायचे. मी स्वभावानं कडक, माझ्या माहेरी सगळे मला तिखट म्हणायचे. त्या दिवसांत मला वाटायचं, बरं झालं आपण अशा आहोत, नाहीतर हे जमलं नसतं.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, त्या उशाशी बसलेल्या असायच्या. त्यांना ते माप पटतच नव्हतं. "पाण्यानं कुठं माणूस मरतंय व्हय गं?" म्हणायच्या. त्यांचं सगळं आयुष्य पाटाच्या कडेला गेलेलं. पिकाचं पान पिवळं पडलं, पाणी सोड. गुरं आजारी, पाणी दाखव. दारात भिकारी आला तरी आधी तांब्या. एका दुपारी मी औषध घेऊन खोलीत आले तर त्यांनी तांब्या भरून घेतलेला आणि ह्यांची मान हातानं उचललेली. ह्यांचे ओठ तांब्याच्या काठाला लागतच होते. मी धावत जाऊन तो तांब्या त्यांच्या हातातून हिसकावून घेतला. पाणी गादीवर सांडलं. "मारायचंय का त्यांना?" असं मी ओरडले, सगळ्या खोल्यांना ऐकू जाईल असं. आणि ह्यांना म्हटलं, "संध्याकाळी देते. पेल्यात उरलंय तुमचं."

संध्याकाळी शुद्ध नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. जाताना तोंडात पाणी घालतात ते मी घातलं, पण ते गिळलं गेलं नाही, ओठाच्या कडेनं उशीवर आलं. आत्यांनी ते पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. भांडण नाही, टोमणा नाही. तेरावा झाला, पाहुणे गेले, घरात आम्ही दोघी आणि पोर. मुलगी शाळेत गेली की घरात भांड्यांचाच काय तो आवाज. भाकरी मी करायची, त्या अर्धी खायच्या आणि ताट मोरीत ठेवायच्या. मला काही सांगायचं असलं तर पोरीच्या तोंडून. मीही हट्टानं गप्प राहिले. डॉक्टरांनी सांगितलं तेच मी केलं, असं मनात घोकत राहायचं, आणि घोकून घोकून ते खरं वाटेनासं व्हायचं. रागही येत होता. माझाही माणूस गेला होता की. मला कोण जवळ घेणार होतं?

त्यात चाफा माना टाकायला लागला. पानांच्या कडा आधी तपकिरी झाल्या, मग पानं पिवळी पडून खाली लोंबायला लागली. वाऱ्याशिवाय गळायची. ह्यांनी लावलेलं, ह्यांनी माझ्यावर सोपवलेलं तेवढं एकच तर होतं. माझं माहेर इंदापूरकडचं, माळरानाचं. आमची माणसं पूर्वी मेंढरं घेऊन फिरायची, आता थोडी जिरायती करतात. उन्हाळ्यात दोन मैलांवरून पाणी आणलेलं मी. तिथं झाड सुकतं ते तहानेनंच, दुसरं कारण आम्हाला माहीत नाही. म्हणून मी दुपारची भांडी घासून झाली आणि आत्या आडव्या झाल्या की दोन घागरी आळ्यात ओतायची. फरक पडेना तसं तीन. जवळ उभी राहून ओतायची, सगळं मुरेपर्यंत. खोटं कशाला बोलू, पाणी आत जाताना जो आवाज येतो तो ऐकून मला बरं वाटायचं. दिवसभरात तेवढंच बरं वाटायचं.

झाड मात्र बिघडतच चाललं. आळ्यात हिरवं शेवाळ धरलं, चिलटं उठायला लागली. मला वाटलं, मोरीचं पाणी येत असेल.

एक दिवस पहाटे उठून दूध तापत ठेवलं आणि मागच्या दाराची कडी निघालेली दिसली. बघते तर आत्या चाफ्याशी. दोन बादल्या रिकाम्या पडलेल्या, तिसरी ओतणं चाललेलं. दुसऱ्या हाताच्या मुठीत युरिया, उसाला टाकतात तसा बुंध्याला टाकत होत्या. आळं काठोकाठ भरलेलं.

दीड महिन्याचं सगळं माझ्या तोंडाशी आलं. मी म्हटलं, "म्हणजे हे असं चाललंय व्हय? तरीच. झाड मारताय तुमी."

त्यांनी बादली खाली ठेवली. शांतपणे म्हणाल्या, "तू माणूस मारलंस."

दीड महिन्यातलं ते त्यांचं पहिलं वाक्य. मी तिथंच दगडावर बसले. दूध उतू गेल्याचा वास येत होता तरी उठवेना. त्याही गेल्या नाहीत. बोलायला लागल्या, माझ्याशी नाही, झाडाकडं बघून. "लावताना मला म्हणला हुता, आये, पाणी कमी पडू देऊ नको. त्याला न्हाय दिलं मी. उरावर बसून द्यायला पायजे हुतं तुझ्या. मी आई आसून भ्याले. आता हितं देतीया."

मला सांगितलेलंच त्यांनी आईलाही सांगितलं होतं. आणि आम्ही दोघी ते एकमेकींपासून लपवून पाळत होतो.

त्याच दिवशी एक पान पिशवीत घालून मी बारामतीला गेले. भिगवण रस्त्याला एका वयस्क चाचांची रोपवाटिका होती, बापाच्या काळापासूनची. ह्यांची त्यांची ओळख होती. त्यांनी पान बघितलं, वास घेतला, मोपेड काढली आणि माझ्या मागोमाग जळोचीला आले. आळ्यापाशी उकिडवे बसले. बाजूनं खुरप्यानं माती काढली आणि दोन बोटांनी एक मूळ ओढलं. मुळाची साल त्यांच्या बोटात निघून आली. आत काळं. कुजल्याचा वास माझ्यापर्यंत आला.

"पाणी कोण घालतंय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "दुपारी मी."

आत्या दारातून म्हणाल्या, "सकाळी मी."

"आन पाटाची पाळी येती तवा?"

पाळीचं पाणी उसातून वळून तिकडं जायचंच. ते कोणी सांगितलं नाही, चाचांनी ओल बघून ओळखलं. कपाळाला हात लावून म्हणाले, "बाई, ह्यो काय ऊस हाय का? काळ्या रानात खड्डा म्हंजे रांजणच. पाणी जाणार कुठं? मुळाला वारा पायजे. ह्ये बुडालंय."

"पण पानं तर तहानल्यासारखी दिसत्यात," मी म्हटलं.

"तहानलेलं आन बुडालेलं, वरनं दोन्ही सारखंच दिसतंय. मूळ कुजलं की आळ्यात पाणी आसून झाडाला पिता येत न्हाय. आपल्याला वाटतं मागतंय. आपण आजून घालतो."

आत्या हे ऐकत होत्या. मीही ऐकत होते. डॉक्टरांनी जे मला कोपऱ्यात नेऊन समजावलं होतं तेच हा माणूस उघड्यावर सांगत होता. आत्यांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी लिहू शकत नाही. मी दुसरीकडं बघितलं.

चाचांनी झाड मातीच्या गोळ्यासकट उचलून काढलं. कुजलेली मुळं कात्रीनं छाटली, वरच्या फांद्याही निम्म्या उतरवल्या. म्हणाले, मुळं जेवढी राहिली तेवढंच ओझं वर ठेवायचं. खड्डा दगड आणि वाळू घालून भरून घेतला, वर उंचवटा केला, त्यावर झाड बसवलं. पश्चिमेच्या बाजूनं चार काठ्या रोवून बारदान बांधलं, ऊन अडवायला. युरियाचं नाव काढायचं नाही म्हणाले. मग माझा हात धरून माझं बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसलं. "बोटाला ओल लागली की पाणी न्हाय. कोरडं लागलं तरच आर्धा तांब्या. पंधरा दीस. झाड मान टाकंल, लई केविलवाणं दिसंल, तरी न्हाय. जमंल?"

मी म्हटलं, "जमंल."

मला जमणार होतंच. आधी एकदा जमवलं होतं.

पहिले दोन दिवस गेले. वैशाखाचं ऊन. दुपारी बाराला उरलेली सात-आठ पानं दुमडून खाली यायची. मी सकाळ-संध्याकाळ बोट घालून बघायची, ओल लागायची. आत्या मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून राहायच्या. जेवायलाही उठेनात. "आज तरी?" एवढंच विचारायच्या. मी "न्हाय" म्हणायची. त्या पदर तोंडाला लावायच्या. झाडासाठी नव्हतं ते, मला काय कळत नव्हतं? त्यांच्यापुढं पुन्हा तेच माणूस, तेच ओठ, आणि पुन्हा नको म्हणणारी मीच.

तिसऱ्या दुपारी घरातून बघितलं तर त्या झाडाशी उभ्या. हातात भरलेला तांब्या. ओतत नव्हत्या, नुसत्या उभ्या होत्या, पाणी हिंदकळून पायावर पडत होतं. मी गेले आणि तांब्याला हात घातला. माझ्या बोटांना त्यांची बोटं लागली. त्यांनी धरून ठेवलं नव्हतं. उलट मी हात लावल्याबरोबर त्यांनी पकड सैल केली, घे म्हणून. मान खाली घातलेली. एवढी दांडगी बाई, सगळ्या भावकीला धाकात ठेवणारी, आणि माझ्यापुढं अशी उभी.

मी तांब्या सोडला.

म्हटलं, "घाला."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पुन्हा म्हटलं, "घाला आत्या, मी काय म्हणत न्हाय." आणि घरात निघून आले. मागं पाणी पडल्याचा आवाज आला आणि त्यांचं बोलणं. "पी. पोटभर पी." मी जेवायच्या पाटावर बसून तोंडात पदर कोंबून रडले. हे गेल्यापासून तशी मोकळी रडले नव्हते.

मला झाड हवं होतं. हे लिहून ठेवते, नाहीतर कोणी म्हणेल हिला काय पडलं होतं. त्यांच्या हातची दुसरी कुठलीच गोष्ट माझ्याकडं जिवंत नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे कडी वाजली, मी जागी होते, पडून राहिले. बादली भरल्याचा आवाज मोजला. एक. दोन. तिसऱ्याला वाटलं, उठावं, आता तरी थांबवावं, चाचांच्या सांगण्याची आठवण द्यावी. उठून बसलेसुद्धा. मग मोरीतून त्यांचं गुणगुणणं ऐकू आलं, पाळण्याचं काहीतरी, आणि मी परत आडवी झाले. असं रोज. बोट घालून बघायचं मी सोडून दिलं.

त्या जेवायला लागल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी मला म्हणाल्या, "तू बस, भाकरी मी टाकते." पोरीची वेणी घालायला लागल्या. एकदा ताटावर बसल्यावर म्हणाल्या, "त्याला हिरव्या मिरचीचा ठेचा लई आवडायचा, न्हाय?" मी हो म्हटलं. दोघींनी त्या दिवशी ठेचा खाल्ला. आणि मागं झाडाची पानं एक एक करत काळी पडून जात होती. शेंड्याचा कोंब वाळला. बुंध्याशी पांढरी बुरशी आली. दोघीही मागं जायचो, दोघीही बघायचो, पण त्याबद्दल चकार शब्द नाही.

पंधरा दिवस भरल्यावर चाचा आले. येताना हातात मोगऱ्याचं एक रोप होतं, झाड लागलं तर शेजारी लावायला म्हणून. बारदान बाजूला सारून त्यांनी बघितलं आणि रोप खाली ठेवलं. नखानं बुंध्याची साल खरवडली. हिरवं निघालं नाही. खाली खरवडलं, तिथंही तपकिरी. उंचवट्यात बोट घातलं तर बोटाबरोबर चिखल वर आला. चाचा भला माणूस, पण त्या वेळी त्यांचा आवाज चढला. "मी काय सांगून गेलो हुतो? एवढी मेहनत केली. लागत हुतं झाड. कुणी घातलं पाणी?"

आत्या दारात उभ्या होत्या. त्यांचा हात चौकटीवर होता.

मी म्हटलं, "मी घातलं."

"तुला तर बोट धरून दाखवलं हुतं."

"व्हय. ऐकलं न्हाय मी. राहवलं न्हाय."

चाचा मला बोलले. शिकलेली बाई, एवढंही कळू नये, नवऱ्यानं जीव लावून लावलेलं झाड, असं बरंच. मी खाली बघून ऐकून घेतलं. मग पायऱ्या उतरल्याचा आवाज आला. आत्या येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या, त्यांचा खांदा माझ्या दंडाला लागला.

"तिला बोलू नका," त्या चाचांना म्हणाल्या. "दोघींनी घातलं. त्याला लई तहान लागली हुती."

चाचा आमच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी पहार उचलली आणि बुंध्याभोवतीची माती मोकळी करायला लागले.